तीन अर्जांची पोच

भाच्या, तू सोमवारपासून कामाला लागणार ना? मग मोबाइल ठेव बाजूला आणि ऐक. तुम्हीही ऐका रे.

माझा साडू एका गोदामात रात्रीचा पहारेकरी. त्याच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. मंगळवारची रात्र, पावणेदोन वाजलेले. मॅनेजरसाहेब एकटेच आले. तिसऱ्या मजल्यावरून एक फाइल आणायची आहे म्हणाले, बॅटरी घेऊन चल.

कसली फाइल, ते साडूला ठाऊक होतं. वरच्या माललिफ्टच्या दाराची कडी तुटलेली. लिफ्ट तळाला असली तरी दार उघडायचं. स्टोअरकीपरने तीनदा लेखी अर्ज केला. दरवेळी दोन प्रती. एक साहेबांना, दुसरीवर पोच मागायची. साहेबांनी पोच कधी दिली नाही. सही केली की आपल्याला कळलं होतं हे सिद्ध होतं, एवढी अक्कल त्यांना होती. कडी बदलण्याएवढी नव्हती. उत्तर ठरलेलं, "उद्या ये."

एक दिवस स्टोअरकीपर पेटी ओढत पाठमोरा त्या दारातून गेला, तो थेट खाली. बायकोच्या हाती कंपनीचं पत्र पडलं: मयताचा निष्काळजीपणा, तक्रार कधी आलीच नाही. आता उजाडल्यावर चौकशी होती. तिच्या नवऱ्यावरचा ठपका पुसायला पुरावा एकच, वरच्या कपाटात त्याच्या फाइलला लावलेल्या त्या तीन प्रती.

साहेबांनी त्या काढल्या, घडी घालून खिशात टाकल्या. समोर भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी नवी पाटी होती. माणूस मेल्यावर तेवढीच दुरुस्ती झालेली. रंग मात्र झकास.

तेवढ्यात लिफ्टचं दार सरकलं.

लिफ्टची वीज तोडलेली होती. खाली तिला सील होतं. साडूने बॅटरी मारली. दार सताड उघडं. आत लिफ्ट नाही. नुसता अंधार.

मग आवाज आला. हळू, अदबीचा. रोजचाच.

"साहेब... पोच."

आणि हा गृहस्थ काय म्हणाला असेल? हाडात मुरलेली सवय. मेलेल्या माणसालाही म्हणाला, "उद्या ये."

बॅटरी मंद झाली.

"उजाडलं की चौकशी आहे, साहेब... आत्ता."

साहेबांचा हात खिशात गेला. कागद निघाले. पेन निघालं. कागद त्या पाटीवर टेकवून सही केली. एक. दोन... तीन. मग त्यांनी हात अंधारात धरला. रिकामा परत आला. साहेब मटकन खाली बसले.

सकाळी चौकशीच्या बाईंनी तळमजल्यावरचं सील स्वतः तोडलं. बंद लिफ्टच्या फरशीवर तीन कागद, नीट एकावर एक. साहेबांना कंठ फुटला. पहारेकऱ्याने रात्री धमकावून सह्या घेतल्या म्हणाले. रात्रभर विचार करून एवढंच सुचलं बिचाऱ्याला.

बाईंनी विचारलं, मग शिक्का?

प्रत्येक सहीखाली ऑफिसचा गोल शिक्का होता. आणि तो शिक्का साहेबांच्या खणात, कुलपात. किल्ली त्यांच्याच कमरेला.

अक्षर ओळखायला स्टोअरकीपरच्या बायकोला बोलावलं होतं. पहिल्या कागदावरच्या शिक्क्यावर तिने बोट ठेवलं. त्यातली तारीख नवरा जिवंत होता तेव्हाची, अर्ज दिला त्याच दिवसाची.

बोट उचललं... तर त्याला ओली शाई.