उत्तर विभागाची चार मिनिटं

माझं काम सांगायला सोपं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आमच्या संस्थेचं एक बटण असतं. पडलं, छातीत दुखलं, की ते दाबायचं. त्याचा संदेश आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो आणि तिथून त्या भागाच्या मदत केंद्राकडे जातो. कुठला संदेश कुठल्या पत्त्यावर सोडायचा, हे मी लावून देतो. या पत्त्याला आमच्यात एंडपॉइंट म्हणतात. टपाल वाटण्यासारखंच काम, फक्त चपला झिजत नाहीत.

सोमवारी सकाळी मॅडमनी बोलावलं. त्या माझ्या वरिष्ठ. कौतुक करायची वेळ आली की त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा होतो.

"उत्तर विभाग बघ. तीन आठवड्यांत अकरा जणांनी बटण दाबलं, आणि दर वेळी माणूस चार मिनिटांत पोहोचलाय. बाकीच्यांना अठरा-वीस लागतात. ते काय वेगळं करतात ते शोध. सगळीकडे तसंच करू."

जागेवर येऊन मी उत्तर विभागाची मांडणी उघडली. तिथे केंद्राचा पत्ता नव्हता. चाचणीच्या वेळी आम्ही एक खोटा पत्ता घालतो, माझ्या टेबलाखालच्या जुन्या मशीनचा. त्याला काहीही पाठवा, ते 'मिळालं' म्हणतं. पाच ओळींचा प्रोग्राम, मीच लिहिलेला. पलीकडे कोणी नसतं. चाचणी संपली की खरा पत्ता घालायचा असतो, आणि तो मी घातला नव्हता. तीन आठवडे माणसं मदत मागत होती आणि माझं मशीन नंदीबैलासारखं मान डोलावत होतं. त्या उत्तर विभागातच माझी आई राहते.

पण 'पोहोचलो' ही नोंद माणसानं घरी जाऊन करायची असते. मशीनला ती करताच येत नाही. तरी अकराही नोंदी होत्या. सगळ्या बरोबर चार मिनिटांनी.

यादीतल्या पहिल्या माणसाला फोन लावला. एक निवृत्त शिंपी होते.

"काका, बारा तारखेला तुम्ही बटण दाबलं होतं..."

"हो, न्हाणीघरात पडलो होतो. तुमचा माणूस आला, उचलून पलंगावर ठेवलं. हात गार होते, पण माणूस चांगला."

"नाव सांगितलं त्यानं?"

"बोललाच नाही. एक विचारू? दाराला आतून कडी होती. तुम्ही लोक आत येता कुठून?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे उत्तर कशालाही चालतं.

यादीतली चौथी आणि नववी नोंद आईची होती. मला ती एका शब्दानं बोलली नव्हती. दुपारी तिच्याकडे गेलो तर पायाला क्रेप बँडेज.

"सांगायचं नाही का मला?"

"तुला सांगून काय, तू फोनवर आरडाओरडा करणार. तो येतो, उठवतो, पाणी देतो. तुझ्यापेक्षा जास्त वेळ थांबतो."

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

"दिसतो कसा?"

आई सांगायला गेली आणि थांबली. 

"दोनदा आला, संध्याकाळपर्यंत थांबला," ती म्हणाली, "आणि तोंड काही आठवत नाही. कमाल आहे."

ऑफिसला परतेपर्यंत मी मनाशी भांडत होतो. गप्प बसलो तर झाकली मूठ. चार मिनिटांत कोणीतरी येत होतं, तर आईला अठरा मिनिटं जमिनीवर पडून राहायला लावणारा मी कोण? पण बंद दारांआड माझ्या आईजवळ कोण बसतंय, हे मला माहीत नव्हतं. ते मला सहन होईना. मी खरा पत्ता घातला, जुन्या मशीनची वायर काढली आणि मॅडमना सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या घरांमध्ये गेलं कोण?"

"माहीत नाही."

"चौकशी होईपर्यंत येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

मंगळवारी मी आईला मुद्दाम बटण दाबायला लावलं. केंद्राची नर्स एकोणीस मिनिटांनी आली. बेल वाजवली, आईनं दार उघडल्यावर ओळखपत्र दाखवलं. सगळं रीतसर. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

शुक्रवारी आईचा फोन आला.

"काल दुपारी आला होता."

"नर्स?"

"नाही रे. तो. बटण नव्हतं दाबलं मी."

मी उठून बसलो.

"या वेळी बोलला," आई म्हणाली. "म्हणाला, आता कोणी बोलवत नाही."

तिला त्याची कीव आली होती.

"वाईट वाटलं बघ. म्हटलं, माझा मुलगा सध्या घरीच असतो. एकटा. त्याच्याकडे जात जा."

"आई, पत्ता दिलास?"

"त्यानं विचारलाच नाही." पलीकडे कपबशीचा आवाज झाला. "आला की बस म्हण हं त्याला. सांगितल्याशिवाय बसत नाही, उशाशी नुसता उभा राहतो."