तिसऱ्या खांबाचं गाव

"खोटं! धडधडीत खोटं!" जयवंताने पाय आपटला, तशी विठ्ठलच्या ताटलीतली चकली उडून अंगणात पडली.

"अगं, माझ्या चकलीने काय केलं तुझं?"

"तुला चकली सुचतेय? उद्या दहा वाजता आबांची चौकशी आहे!"

छप्पन सालची दिवाळीची सुट्टी होती. हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन वाटे झाले होते आणि शहरातल्या चिक्कडपल्लीत घरोघरी एकच चर्चा, कोण जाणार आणि कोण राहणार! जयवंताला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिचे आबा, सूर्यभान फिटर, चौतीस वर्षं गुलशनबाग स्टेशनात इंजिनांना पाणी पाजणारे खांब सांभाळत आले होते. उंच, पोकळ, लोखंडी असे चार खांब. वरचा आडवा हात इंजिनावर फिरवला की धो धो पाणी! गेल्या आठवड्यात तिसऱ्या खांबाला बसवलेला नवा वायसर, म्हणजे पाणी अडवणारी चामड्याची चकती, फाटला, पाणी रुळांवर वाहून गेलं आणि एक्सप्रेस तासभर खोळंबली. ठपका कुणावर? आबांवर! महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कागदावर आता 'निष्काळजी' असा शेरा पडणार होता.

"आबांनी आधीच सांगितलं होतं," जयवंता म्हणाली. "तिसरा खांब विलायती नाही, इथंच ओतलेला आहे. विलायती मापाचा वायसर त्याला बसणार नाही. पण ऐकतो कोण!"

"मग खांबालाच विचारू, बाबा रे, तुझं गाव कोणतं!" त्यांची मैत्रीण निर्मलाने वेणी मागे टाकली. "चला!"

स्टेशनात तो वायसर देणारे स्टोअरबाबू एकनाथराव पंख्याखाली बसले होते. पुण्याकडून बदलून येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. मुलांनी विचारल्यावर त्यांनी ऐटीत रजिस्टर उघडलं. पहिल्या खांबापुढे विलायती कंपनीचं लांबलचक नाव होतं, आणि खाली तिन्ही खांबांपुढे नुसतं 'डिट्टो'!

"तुम्ही खांब जवळून बघितले कायकू नाहीत?" जयवंताने विचारलं.

"कायकू? आधी मराठी शिका, मग मला अक्कल शिकवा! पहिल्यावर पाटी आहे, बाकीचे तसेच दिसतात. त्यासाठी उन्हात तडफडू? आणि तो सूर्यभान मला शिकवणार! पळा इथून!"

जयवंताचे कान तापले. आबांना हा माणूस अरेतुरे करतो! ती काही बोलणार, तोच विठ्ठलने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"भांडण नक्को. खांबच मोजू. निर्मला, सुतळी काढ!"

निर्मलाने पहिल्या खांबाच्या बुंध्याला सुतळी गुंडाळून गाठ मारली. दुसऱ्याला गाठ बरोबर जुळली, चौथ्यालाही जुळली. तिसऱ्याला मात्र सुतळी चार बोटं कमी पडली!

"हा जाडा आहे! हौ, चांगलाच जाडा!" विठ्ठल ओरडला आणि खांबाच्या शिडीच्या पायऱ्या चढून विटेच्या तुकड्याने वरचा रंग खरवडू लागला. "काहीतरी आहे इथं! थांबा, जरा पुढे सरकतो..."

तो आडव्या हाताला लोंबकळला मात्र, आणि हात कर्रर्र करत रुळांच्या वर फिरला! त्याच क्षणी शिट्टी झाली. वळणावरून इंजिन मागे मागे येत होतं!

"विठ्ठल, सोडू नकोस!" जयवंताने लोंबणारी साखळी पकडली आणि टाचा रोवून सगळा भार टाकला. निर्मला तिच्या कमरेला बिलगली. खांबाचा हात हलेना. मग एकदम हिसका बसून तो मागे फिरला, विठ्ठल शिडीवर परत आला आणि इंजिन धडधडत निघून गेलं.

"वाचलं काय ते?" जयवंताने धापा टाकत विचारलं.

"मी वाचलो, ते नाही का विचारायचं? तेराशे अठरा, पुढे इंग्रजी एफ. नंबर असेल काहीतरी."

निर्मला मात्र टाळ्या पिटत उड्या मारायला लागली. तिचे वडील सरकारी दप्तर वेगळं करायच्या कामावर होते आणि महिनाभर जेवतानाही त्यांच्या तोंडी जुन्या सालांचीच घोकणी होती. "अरे वेड्या," ती म्हणाली, "एफ म्हणजे फसली! आपल्या जुन्या राज्यातलं साल! विलायतेत हे कोण लिहिणार! त्यात पाचशे नव्वद मिळवायचे!"

दुसऱ्या दिवशी चौकशीला इन्स्पेक्टर हबीबसाहेब आले, पांढऱ्या दाढीचे, अस्सल हैदराबादी. मुलांनी दारातूनच सगळं सांगून टाकलं. एकनाथराव खो खो हसले.

"तेराशे अठरा साल! म्हणजे देवगिरीचे यादव आगगाडीने फिरत होते म्हणा की!"

हबीबसाहेब हसले नाहीत. "बाबू, माझ्या जन्माचं सालसुद्धा फसलीच लिहिलंय. खांबावरचं १३१८ म्हणजे एकोणीसशे आठ. तेव्हा मूसी नदीला तुग़यानी आली होती, तो मोठा पूर." ते उठले आणि स्वतः उन्हात गेले. सुतळी चारही खांबांना लावून पाहिली, शिडी चढून उठावाची अक्षरं बोटांनी चाचपली. "पुरात विलायती खांब पडला असणार. त्याच्या जागी इथल्याच कारखान्यात हा ओतला. सूर्यभान खरं बोलत होते. शाबास, बच्चो! मोठ्यांचं काम तुम्ही केलंत!"

"हुशार आहेत हो मुलं," एकनाथराव घाईघाईने म्हणाले. "झाली थोडी गफलत."

"थोडी?" जयवंताचा आवाज चढला. "आबांना अख्ख्या स्टेशनासमोर खोटं पाडलंत!"

"जया, गप," आबा पुटपुटले.

"नाही गप बसणार! साहेब, आबा हेच तर सांगत होते ना? तीनदा सांगितलं त्यांनी! लोखंडावर लिहिलेलं सापडेपर्यंत त्यांचं कुणी का ऐकलं नाही?"

एकनाथरावांनी रुमालाने कपाळ पुसलं, जमलेल्या रेल्वे खलाशांकडे पाहिलं आणि कसेबसे हात जोडले. "चूक माझी होती, सूर्यभानराव."

आत परतून हबीबसाहेबांनी शेऱ्याच्या कागदाचे दोन तुकडे केले. मग स्वतःची खुर्ची ओढून त्यांनी आबांपुढे ठेवली.

"बैठो, सूर्यभानभाई. या खांबांचं जे जे ठाऊक आहे ते सगळं सांगा. मी लिहून घेतो."

आबांनी धोतराला हात पुसले आणि संकोचत खुर्चीच्या कडेवर टेकले. क्षणभराने मागे रेलून नीट बसले आणि सांगू लागले. एकनाथराव दौत धरून उभे होते, आणि जयवंताला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.