मामांच्या आईचा झगा

दिवा राहू दे चालू, मला हरकत नाही. पण तो फोन आधी पालथा घाल. हां. आता ऐका.

हसता काय रे? भूत पांढऱ्या कपड्यांत फिरतं म्हणता, मग त्याचे ते कपडे धुतं कोण, हा प्रश्न तुमच्यापैकी एकाला तरी पडला कधी? माझी थोरली वहिनी धुवायची. थट्टा नाही. तिचा धंदाच तो होता. लोकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले जुने कपडे साफ करायचे, विरलेले सांधायचे, पुढची पन्नास वर्षं टिकतील असे गुंडाळून द्यायचे. रीतसर शिकून आलेली बाई. टेबलावर रेशीम पसरलेलं असलं, की आम्ही शेजारच्या खोलीत शिंकलो तरी आमचा उद्धार व्हायचा.

ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. आणि वहिनीला थापा मारता येत नाहीत, हे तुम्हीही जाणता. तुमच्या पिंजारलेल्या केसांबद्दल भर लग्नात काय बोलली होती, आठवतं ना?

डिसेंबरातली सतरा तारीख, गुरुवार. दुपारी ती जुन्या पेठेच्या टोकाला एका तिमजली घरी गेली, झगा आणायला. घर मामांचं. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. सत्तरीचे, ताठ, शर्टाला एक सुरकुती नाही. त्यांच्या भाचीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. पोर आईवेगळी, मामांनीच वाढवलेली. तिने आजीचा, म्हणजे मामांच्या आईचा, लग्नाचा झगा घालायचा, असं मामांनी ठरवलं होतं. ठरवायचं काम त्या घरात तेच करायचे.

झगा सुरेख होता. सायीच्या रंगाचं रेशीम, लांब बाह्या, मानेपासून कमरेपर्यंत पाठीला बारीक हूक. आणि मानेमागून सुरू होऊन पाठभर पसरलेला तपकिरी डाग.

"वाइन सांडली होती," मामा म्हणाले. "लग्नाच्या वाढदिवसाला हौसेनं घातला आईनं. त्याच रात्री जिन्यावरून पडली आणि गेली."

"वाइन? पाठीवर?" वहिनीने विचारलं.

"बाई, तुम्हाला डाग काढायला बोलावलंय. उलटतपासणीला नाही."

भाची हसली. "मनावर घेऊ नका, काकू. आजीचा विषय निघाला की मामा असेच अंगावर येतात. लहानपणापासून विचारतेय, आजी कशी होती. उत्तर एकच, जिन्यावरून पडली. अहो, कशी होती विचारतेय मी, कशी गेली ते नाही!"

"मला काय माहीत?" मामा म्हणाले. "दहा वर्षांचा होतो मी, आणि घरातच नव्हतो. आत्याकडे राहायला गेलो होतो. किती वेळा सांगू?"

वहिनीने झगा घडी न घालता गुंडाळला आणि घरी आणला. जुनं रेशीम घडीवर फाटतं, म्हणून.

आता तिची कामाची पद्धत ऐका. डाग कसला आहे हे कळल्याशिवाय ती त्याला पाणी लावत नसे. तिने कापसाचा ओला बोळा डागावर टेकवला. बोळा गंजासारखा लाल. वाइन अशी उतरत नाही. मग तिने एक पट्टी काढली. दवाखान्यात लघवी तपासायला वापरतात ना, रक्त असलं की रंग बदलते, तीच. बोळ्यावर दाबली.

पट्टी हिरवी झाली.

रक्त.

मग तिने भिंग घेतलं. मानेमागचे वरचे हूक मुळापासून उपटलेले होते. भोवतालचं रेशीम मागच्या बाजूला ओढलेलं. जिन्यावरून पडणाऱ्या बाईचे हूक असे निघत नाहीत. त्यासाठी कुणीतरी मागून मानगूट धरावी लागते. आणि रक्त डोक्यातून सरळ खाली उतरलेलं. म्हणजे बाई उभी होती.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ वर्षं! साठ वर्षं ही माणसं त्या बाईला रोज जिन्यावरून ढकलत होती. तोंडानं.

तिने फोन लावला. भाचीने उचलला. "काकू! निघतोय ना डाग?"

"अगं, हा डाग कसला आहे, तुला माहीत आहे का? तुझ्या आजीला..."

पलीकडे झटापट. मग मामांचा आवाज. "उद्या सकाळी डाग गेलेला पाहिजे. जमत नसेल तर तसाच परत आणा. मागच्या अंगणात जाळून टाकतो. बाजारात झग्यांना तोटा नाही."

"मामा, हे रक्त आहे."

"वाइन आहे," मामा म्हणाले. फोन बंद.

बघा, कसं कोंडीत धरलं तिला. असा डाग घाण नसतो, तो राखायचा असतो, हा तिच्या विद्येतला पहिला धडा. धुतला, तर ती त्या खोटेपणात सामील. नाही धुतला, तर राख. फोटो काढले तिने. पण फोटोतल्या डागाला कुणीही वाइन म्हणेल. त्या बाईची साक्ष देणारी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती पुसायची होती वहिनीनं. स्वतःच्या हातानं. भांडी आपटत जेवली ती त्या रात्री. दादा बिचारा स्वतःचं ताट घासून झोपायला गेला.

रात्री एक वाजून गेल्यावर ती उठली. दाराला कडी लावली. पसरट ट्रेमध्ये जाळीवर झगा पालथा ठेवला, पाठ वर. फ्रिजमधलं गार पाणी ओतलं. रक्ताला गारच लागतं. गरम पाणी लागलं की डाग कायमचा पक्का होतो.

तिने हात घातला. पाणी कोमट होतं.

ओतून दिलं. दुसरी बाटली काढली, बर्फासारखी. ओतली. हात घातला.

गरम.

जवळपास शेगडी नाही. प्लग सगळे काढलेले. तिने तिसऱ्यांदा पाणी बदललं. बोट बुडवलं आणि चटका बसून मागे घेतलं.

कुणाला तरी राग आला होता.

बाह्या तिने दोन्हीकडे सरळ पसरल्या होत्या. बोळे घ्यायला वळली. परत वळली, तर... बाह्या पाठीवर होत्या. डागावर. घट्ट. पाठीवरचं कुणी उघडू नये म्हणून बाई हात मागे नेते, तशा.

तिने त्या सरळ केल्या. वळली. थांबली. पाणी हललं...

पुन्हा डागावर.

घरात चिटपाखरू जागं नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी. वहिनी मग मोठ्यांदा बोलली. घाबरून नाही, चिडून.

"बाई गं, मला तरी कुठे पटतंय? पण तो जाळेल तुला! मग काय उरेल? सांग ना! आहे दुसरी जागा तुझ्याकडे?"

बाह्या तशाच.

तशाच...

मग एक बाही सुटली. हळूच. मग दुसरी.

आणि डाग जाऊ लागला. वहिनीने हातही लावला नव्हता. कडा फिकट झाल्या. मधला भाग फिकटला. रेशीम पुन्हा सायीसारखं. तिने बोळा टेकवला. पांढरा. काचेच्या भांड्यात ट्रेमधलं पाणी घेऊन दिव्यासमोर धरलं. नितळ. आणि गार.

मग एवढं सगळं... गेलं कुठे?

फोन वाजला. भाची. आधी नुसता श्वास.

"काकू... माझ्या खोलीत या. आत्ता."

वहिनीने दादाला उठवलं. दोघं स्कूटरवर निघाले. खोली वरच्या मजल्यावरची, मामांच्या वडिलांची. वर्षानुवर्षं बंद असलेली. लग्नघर म्हणून आठवड्यापूर्वी पांढरा रंग देऊन भाचीला दिलेली. जिन्यापासून ती चांगली लांब, बोळाच्या दुसऱ्या टोकाला.

मामा नुसत्या बनियनवर, फडक्यानं भिंत घासत होते. "ओल आहे," ते म्हणत होते. "ओल आलीय. रंगाऱ्यानं फसवलं. ओल आहे ही."

भिंतीवर तपकिरी नव्हतं काही. लाल होतं.

वहिनीने बरोबर आणलेला बोळा टेकवला. ओला, लाल झाला. डाग ताजा.

"हे तुझ्या आजीचं रक्त आहे," ती भाचीला म्हणाली. "झग्यावरही हेच होतं. मगाशी हेच सांगत होते."

"बाई, चालत्या व्हा!" मामा ओरडले.

"त्या थांबतील," भाची म्हणाली. मामांवर आवाज चढवायची तिची ती पहिलीच वेळ. ती गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डाग तिच्या डोक्यामागून सुरू होत होता. बरोब्बर. तिथून खाली ओघळलेला, पार जमिनीपर्यंत.

"इथून जिना कुठे आहे, मामा?"

मामांनी फडकं पिळलं.

ती वळली. खाली वाकली. कमरेच्या खाली, त्या लाल ओघळात एक जागा कोरी होती. स्वच्छ पांढरी. पाच बोटं. लहान मुलाचा पंजा. कुणी तिथे भिंतीला हात टेकून उभं होतं, आणि सगळं त्या हातावरून वाहिलं होतं.

"मामा... तुम्ही आत्याकडे होतात ना?"

मामांनी फडकं टाकलं. आणि उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

भाची त्याच पहाटे वहिनीबरोबर बाहेर पडली. झगा आजही भाचीकडे आहे. मामांनी नंतर ती भिंत खरवडून घेतली. रंग गेला, गिलावा गेला, विटा उघड्या पडल्या.

विटाही लाल आहेत. तेवढी पंजाची जागा... कोरी.