मामाचा आशीर्वाद

हॅम्बर्गला नोव्हेंबरात दुपारीच अंधारून येतं. त्या शनिवारी बाइंदू केळी तळत लेकीच्या मामाच्या, म्हणजे आपल्या थोरल्या भावाच्या, फोनची वाट बघत होती. ती सिएरा लिओनची, मेंदे लोकांतली. त्यांच्यात मामाचा शब्द मोठा. त्याच्या आशीर्वादाशिवाय भाचरांना विद्या लागत नाही म्हणतात. आणि तिची जेनेबा नुकतीच इथल्या शाळेत जायला लागली होती.

जर्मनीला येताना बाइंदूने तान्ह्या जेनेबाला थोरल्या सवतीच्या ओटीत घातलं होतं. लेकरू दुसऱ्या घरी वाढलं की शहाणं होतं, ही तिकडची रीतच. यंदा नवरा, लहाई, गावी जाऊन तिला घेऊन आला. पोर अबोल होती. पण तळमजल्यावरची पुण्याची ऊर्मिला तिला जर्मन शिकवायची, ती म्हणायची, मुलगी हुशार आहे. बाइंदूला तेवढं पुरे होतं.

फोन वाजला. बाइंदूने तो स्पीकरवर टाकला, टेबलापाशी बसलेल्या मुलीला खूण केली आणि मामाला म्हटलं, भाचीला आशीर्वाद द्या.

खरखरीतून मामाचा आवाज आला.

"कुणाला देऊ, पोरी? जेनेबाला मी माझ्या हातांनी पुरलं... साथीच्या वर्षी. लहाईला तेव्हाच कळवलं होतं."

तेल जळल्याचा वास घरभर पसरला. लहाई स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता. त्याने नाकारलं नाही. ही मासा, थोरलीची मुलगी, जेनेबाच्याच वयाची. एक गेली, निदान दुसरीची तरी शाळा व्हावी, असं त्याने आणि थोरलीने मिळून ठरवलं म्हणाला. जेनेबा म्हटलं की ओ द्यायची, एवढं पोरीला पढवून आणलं होतं.

बाइंदूने गॅस बंद केला. मातीत गेलेल्या लेकीसाठी ती इतकी वर्षं फ्रॉक घेऊन ठेवत आली होती, आणि तो बघत आला होता.

"मला रडूसुद्धा दिलं नाहीस," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ऊर्मिला होती.

"अगं, लेक कधीची माझ्या दाराशी उभी आहे. वर चल म्हटलं, तर म्हणते, आईने अजून हाकच मारली नाही... शेवटी घेऊनच आले."

एवढ्यात तिला आत बसलेली मासा दिसली आणि तिने गोंधळून मागे, बरोबर आणलेल्या मुलीकडे वळून पाहिलं. पाठीमागे जिन्यातला दिवा विझला. अंधारातून भिजलेल्या लाल मातीचा वास आला, गावाकडचा.

मासाने मानही वळवली नाही.

"तिला आत घ्या," ती हळूच म्हणाली. आणि रोजच्या सवयीने खुर्चीवर अर्धी जागा करून सरकून बसली.