सागाच्या पोटातला धूर

हर्षलाला एका सागाच्या पोटात डोकवायचं होतं. तेही झाड न तोडता!

कोंडाण्याच्या लेण्यांच्या बऱ्याच वर, कड्याला लागून एक अरुंद सपाटी होती आणि तिच्यावर तो साग उभा होता. खालचे जुने साग कधीच कुणाकुणाची दारं-खिडक्या होऊन बसले होते. हा वाचला तो केवळ अडचणीच्या जागी उगवला म्हणून. झाड दरवर्षी खोडात एक वलय वाढवतं आणि त्या वर्षीच्या हवेतला कार्बन लाकडात मुरवून ठेवतं. दगडी कोळशाच्या आणि डिझेलच्या धुरातल्या कार्बनची खूण निराळी असते. म्हणजे ज्या धुरानं जग तापवलं, पाऊस बिघडवला, तो हवेत कसकसा वाढत गेला, हे झाडालाच विचारता येतं! हर्षलानं हे पुस्तकात वाचलं होतं. पण आपल्या गावच्या झाडातही तो असेल? हा प्रश्न तिला झोप लागू देईना. पुण्याची प्रयोगशाळा नमुना तपासायला तयार होती, वनखात्याची परवानगी मिळाली होती. अट एकच, झाड कारखान्यांच्या आधीचं हवं. तसं हे एकच उरलं होतं.

सोबत खोपोलीची मैत्रीण सिद्रा होती, पाठीवर पोकळ गिरमीट बांधून. त्यानं झाड न तोडता खोडातली लाकडाची बारीक कांडी काढता येते. आणि सर्वांत पुढे गावातली जनी आत्या, कारण तिच्याशिवाय ती वाट सापडणं कठीण.

"पाऊस पयल्यापासनं येडाच हाय," आत्या चढता चढता म्हणाली. "त्याला कारखान्याचा धूर कशाला लागतो गं?"

"तेच तर बघायचंय, आत्या!"

आत्या भल्या पहाटे राब भाजून आली होती. भाताची रोपं जिथं करायची, तिथं पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून घ्यायची, ही तिच्या आजीपासूनची रीत. "इस्तू धुमसतोय अजून," ती म्हणाली, "पन वारा दुपारपातूर उठत नाय."

घसाऱ्यावर पाय ठरेनात. एक पाऊल वर, दोन पावलं खाली! सिद्राच्या पायाखालचा धोंडा निसटला आणि धडधडत दरीत गेला. हर्षलानं तिचं मनगट धरलं, आत्यानं हर्षलाचा पदर धरला आणि तिघी कशाबशा सपाटीवर पोचल्या. समोर साग! दोघींच्या कवेत मावेना.

गिरमीट खोडात शिरू लागलं. हर्षला फेरे देत होती. आत कुठलं साल असेल आता? पणजोबांचं? आगगाडीच्या आधीचं?

"राबाचा वास येतोय," सिद्रा म्हणाली.

तिघी काठाशी धावल्या. खाली वणवा! राबातली ठिणगी बांध ओलांडून गवतात गेली होती आणि आग उतारावरून वर झेपावत होती.

"वारा आत्ताच कसा उठला गं?" आत्याचा चेहरा उतरला. "ह्यो त्याचा टायम नाय!"

फाल्गुनातच वैशाखासारखा तापलेला कडा हवा वर खेचत होता. मागे कडा, पुढे आग. पळायला जागा नव्हती.

गिरमीट अजून गाभ्यापर्यंत पोचलं नव्हतं. आत्ता उपसलं तर हाती अलीकडची वलयं आली असती, बिनकामाची. आणखी फेरे द्यावेत? बुंध्याशी पाचोळ्याचा ढीग होता. एक ठिणगी, की साग संपला! हर्षलानं गिरमीट तसंच खोडात सोडलं.

"पाला झाडा!" ती ओरडली.

फांद्या मोडल्या. सपासप पाला लोटला. सपाटीवर मातीचा उघडा पट्टा झाला.

"आता गवत आपनच पेटवायचं," आत्या म्हणाली. "राब कसा, वाऱ्याच्या उलट पेटवतात. आग दबत दबत खाली जाती."

तिनं काडी ओढली. विझली! दुसरी. पेटली! त्यांची आग पट्ट्यापासून हळूहळू खाली सरकू लागली. खालून मोठी आग गर्जत आली. धुरानं डोळे मिटले. ठिणग्या पट्ट्यावरून उडाल्या. सिद्रा जळत्या काठावर धावली आणि फांदीनं त्या बडवू लागली. दोन्ही आगी भिडल्या. उंच एकच लोळ! आणि मग जाळायला काही उरलंच नाही.

सागाची खालची पानं होरपळली होती, पण बुंधा शाबूत होता.

गिरमीट घट्ट बसलं होतं. तिघींनी मिळून फिरवलं. शेवटी पेन्सिलीएवढ्या जाडीची लाकडाची लांब कांडी हर्षलाच्या तळहातावर आली, गाभ्यापासून सालीपर्यंत अखंड. तिला रडू कोसळलं.

आत्या लांबच उभी होती. "माझ्या राबाचा धूर बी घावंल का त्यात?"

"नाही गं. पाला गेल्या साली हवेतूनच वाढलेला. त्याची खूण वेगळी निघत नाही. जमिनीखालून उपसून जाळतात, त्याची निघते."

आत्यानं सुस्कारा सोडला. मग खालच्या रस्त्याकडं पाहिलं. "आनि आपन टेंपोनं आलो, त्याचा?"

"त्याचा निघेल," हर्षला म्हणाली.

"मंग जाताना चालत जाऊ."

सिद्रानं पाय वर केला. बुटाचा तळ वितळून लोंबत होता.

"तुम्ही जा चालत," ती म्हणाली, "मी टेंपोनंच येणार!"