स्पीकरातून ढोलकी गेली कुठे?

"टँकर आला!" धोंडिबाआजोबा आतून ओरडले.

दीप्तीनं गॅलरीतून वाकून पाहिलं. गल्लीत एक कुत्रं पसरलेलं, बाकी काही नाही.

"कुठेय, आजोबा? काय पण!"

"वळणावर आहे गं. घुरघुर येतेय. बादल्या उचला, पळा!"

दीप्ती सुटली. समोरच्या दारातून सर्वेश निघाला, वरच्या मजल्यावरून वल्लरी. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या बिल्डिंगमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत या तिघांचं एकच काम, पाणी भरणं आणि उरलेल्या वेळात हुंदडणं! ते खाली पोचतात तो खरंच टँकर वळणावरून आत शिरला. पहिला नंबर लागला की हो!

भरल्या बादल्या घेऊन वर येताना वल्लरी जिन्यातच थांबली.

"ए, एक मिनिट! तुझ्या आजोबांना ऐकू येत नाही ना?"

"नाही ना! पप्पा कानाचं मशीन आणणारेत."

"मग टँकर सगळ्यांच्या आधी त्यांनाच कसा ऐकू आला?"

सर्वेशच्या बादलीतलं पाणी त्याच्याच चपलेवर सांडलं. "अरे, बरोबर बोलतेय ही!"

गोष्ट अशी होती. धोंडिबाआजोबा म्हणजे ढोलकीतला जुना माणूस. गायन पार्टीत आख्खा ठाणे जिल्हा फिरलेले. आता बोटं आखडली, तरी दर रविवारी बुद्धविहारात पोरांना ढोलकी शिकवायचे. घरी आपल्या पार्टीचं जुनं रेकॉर्डिंग लावायचे. कॅसेटमधलं ते गाणं दीप्तीच्या पप्पांनी, म्हणजे राजरत्ननी, पेन ड्राइव्हवर घेतलेलं आणि त्यासाठी स्वस्तातली स्पीकरची जोडीही आणलेली. आजोबा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि मांडीवर ठेका धरायचे.

पण घराला रंग दिला आणि तेव्हापासून आजोबा म्हणायला लागले, "ढोलकीची डावी बाजू गेली रे! पोटात घुमणारा तो 'धुम्म' येतच नाही. सगळं कसं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतंय."

सगळे म्हणाले, वय झालं, कान गेले. आजोबांनीही शेवटी तेच धरलं. क्लास बंद केला. आणि आज संध्याकाळी त्यांचा जुना चेला त्र्यंबक कल्याणहून येणार होता, त्यांची ढोलकी कायमची घेऊन जायला!

"आजोबा, नका ना देऊ," दीप्ती घरात शिरताच म्हणाली.

"ज्याला धुम्म ऐकू येत नाही, तो पोरांना काय शिकवणार? चुकीचं शिकवायचं पाप नको मला."

"मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी ऐकू येतं की तुम्हाला," जाईबाईआजी बारीक आवाजात म्हणाली.

"ते ऐकलं मी!" आजोबा म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इथे नक्की काहीतरी गडबड होती!

दीप्तीनं रेकॉर्डिंग लावलं आणि ती आजोबांच्या खुर्चीत बसली. आवाज पातळ, रोडावलेला. ढोलकी टकटक वाजतेय, पण धुम्म नाही. सर्वेश भिंतीकडे पडलेला बॉल उचलायला गेला आणि डाव्या स्पीकरजवळ वाकलेलाच राहिला.

"अगं, इथे आहे ना धुम्म!"

वल्लरी उजव्या स्पीकरला कान लावून बसली. "इथेपण आहे!"

"मग मधे कुठे जातो?" दीप्ती खुर्चीतून म्हणाली. "मधल्यामधे कोण खातं त्याला?"

"भूत," सर्वेश म्हणाला.

"गप रे! दिवसाढवळ्या?"

तेवढ्यात तळमजल्यावरचे प्रभाकरकाका चहाला आले. बिल्डिंगमध्ये काहीही बिघडू द्या, काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर! माणूस मनानं मोठा, पण हाताला घाई फार.

"काका, रंगाच्या वेळी हे स्पीकर तुम्हीच लावलेले ना?" वल्लरीनं गोडीत विचारलं.

"नुसते लावले? सुधारले! पाठ उघडून बघतो तर आत पांढरा कापूस कोंबलेला. पॅकिंग काढायलाच विसरले होते लोक! मी काढलं सगळं. आवाज मोकळा केला."

"आणि तो कापूस?"

"माझ्या उशीत! अशी झोप लागते म्हणून सांगू..."

"काका, वायरी नीट लागल्यात ना?" दीप्ती.

"लालला लाल, काळीला काळी. शाळेत शिकवत नाहीत का हे? दोष स्पीकरात नाही, कानात आहे. आणि हात लावायचा नाही हां कुणी!"

काका चहा पिऊन दुपारची झोप काढायला गेले. राजरत्न रात्रपाळी करून आलेला, तो आतल्या खोलीत घोरत होता. मैदान मोकळं!

"पॅकिंग बाहेरून असतं," वल्लरी कुजबुजली. "स्क्रू लावून बंद केलेल्या खोक्याच्या आत कोण पॅकिंग ठेवेल? खोक्यातला पत्र्यासारखा आवाज शोषून घ्यायला तो कापूस मुद्दाम घातलेला असणार. आणि कापूस काढताना काकांनी आतल्या वायरीही ओढल्या असतील तर?"

"पण बाहेर तर लालला लाल आहे," सर्वेश म्हणाला.

"आतलं कुणी पाहिलंय?"

आधी त्यांनी प्लग काढला. मग दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि पुढची जाळी काढली. दीप्तीनं भिंतीवरच्या घड्याळातला सेल आणला. लाल वायर सेलच्या एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला, नुसती टेकवायची नि उचलायची, असं वल्लरीनं व्हिडिओत पाहिलेलं.

टक! डाव्या स्पीकरचा काळा पडदा पुढे उडी मारून आला.

"आता उजवा. लाल तिथेच लाव हां!"

टक! उजव्याचा पडदा मागे गेला.

"परत कर!" वल्लरी.

टक! परत मागेच!

"सापडलं!" दीप्ती ओरडली आणि आपणच आपल्या तोंडावर हात ठेवला. आत घोरणं जरा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"हा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो," वल्लरी म्हणाली. "झोक्याला एकजण पुढून आणि एकजण मागून ढकलायला लागले तर झोका हलेल का? तसा मधे बसलेल्या माणसापर्यंत धुम्म पोचतच नाही!"

"आणि आजोबांची खुर्ची बरोब्बर मधे," सर्वेश म्हणाला. "बिचारे आजोबा!"

उजव्या स्पीकरच्या वायरी बाहेरूनच उलट्या केल्या की काम झालं असतं. पण दीप्तीनं हात अडवला.

"थांब. आपण सांगितलं तर काका म्हणतील, पोरांना काय कळतं. त्यांच्याच तोंडून वदवायचं!"

तिघांनी सगळं पहिल्यासारखं जोडून ठेवलं. काका झोपून उठले तसे सर्वेशनं त्यांना गाठलं.

"काका, तुमच्याइतका आवाजातला जाणकार दिव्यात नाही. जरा टेस्टिंग कराल? डोळ्यांवर टॉवेल बांधून. मोठे लोक तसंच करतात म्हणे!"

काका फुगलेच! जिना चढून आले आणि डोळे बांधून खुर्चीत बसले. राजरत्न जांभया देत दारात उभा राहिला. जाईबाईआजी पीठ मळायचं सोडून आली. आजोबा मात्र आले नाहीत. ते आत ढोलकीला कापडात गुंडाळत होते.

दीप्तीनं गाणं लावलं.

"ठीक आहे," काका म्हणाले. "मोकळा आवाज!"

गाणं थांबवून दीप्तीनं प्लग काढला, सर्वेशनं उजव्या स्पीकरची वायर सोडली, आणि पुन्हा लावलं.

"अरे वा! हे चांगलं आहे. ढोलकी भरली की! नवीन स्पीकर जोडला काय?"

"जोडला नाही, काका. एक बंद केलाय!"

"हॅ! एक बंद केल्यावर आवाज वाढेल का?"

राजरत्नची झोप उडाली. तो पुढे आला. पुन्हा प्लग काढून सर्वेशनं उजव्याच्या वायरी उलट्या लावल्या आणि दीप्तीनं गाणं सुरू केलं.

धुम्म! धुम्म! खिडकीतली बरणी थरथरली.

"हेच! हेच!" काका खुर्चीत उडाले. "हाच एक नंबर! तो पहिला होता तो कुणी लावलेला? अगदी भिकार!"

"तुम्ही!" तिघं एकदम ओरडले.

काकांनी टॉवेल काढला. तोंड उघडंच! वल्लरीनं सेल टेकवून पडदे नाचवून दाखवले आणि काकांचा चेहरा उतरला. "वायरी निघालेल्या खऱ्या... मी घाईघाईत परत खोचल्या..."

"आणि मी माझ्या बापाला बहिरा ठरवला," राजरत्न हळूच म्हणाला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. धोंडिबाआजोबा उभे होते. अर्धवट गुंडाळलेली ढोलकी काखेत, आणि डोळे स्पीकरवर.

"ही माझी ढोलकी आहे," ते म्हणाले. "माझीच आहे ना गं ही?"

"तुमचीच हो," जाईबाईआजी म्हणाली.

प्रभाकरकाका खाली धावले आणि उशी घेऊन आले. "घ्या! फाडा!"

मग काय! वल्लरीनं उशीतला पांढरा कापूस सैलसर करून दोन्ही खोक्यांत भरला. "दाबून नाही हां, नुसता पसरून!" सर्वेशनं पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली आणि तिचे तुकडे स्पीकरखाली ठेवले, म्हणजे खालच्या बुटक्या कपाटाची खडखड थांबेल. दीप्तीनं स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून दोघांची तोंडं खुर्चीकडे वळवली. काकांनी स्क्रू पिळले, पण वल्लरी शेजारी उभी राहून बघत होती!

आजोबा खुर्चीत बसले. गाणं लागलं. पत्र्याचा डबा कुठल्या कुठे गेला! गाणाऱ्यांचा श्वाससुद्धा कळायला लागला. गाणं अर्ध्यावर आलं आणि आजोबांनी भुवया आवळल्या.

"थांबव! या कडव्यापासून डावी बाजू उतरलीय. किंचित. कळतंय का?"

कुणाला काही कळलं नाही. काकांना तर अजिबातच नाही.

"खाडीकाठचा कार्यक्रम होता तो," जाईबाईआजी डोळे पुसत हसली. "दमट हवेनं उतरली होती. मी तेव्हाच म्हटलेलं तुम्हाला! म्हणे कान गेले! एवढुसं उतरलेलं ऐकू येतंय या माणसाला!"

दारात त्र्यंबक उभा होता, हातात भलीमोठी कापडी पिशवी घेऊन. कधी आला, कुणाला कळलंच नव्हतं.

"जय भीम, गुरुजी. ढोलकी..."

"ये, बस. चहा घे. ढोलकी कुठेही जात नाही."

त्र्यंबकनं पिशवीची घडी केली आणि एकदम हसला. "बरं झालं! खरं सांगू? येताना आख्ख्या रस्त्यात पाय मागे ओढत होते माझे."

राजरत्न वडिलांसमोर खाली बसला. "चुकलो, बाबा. तुमच्या कानांना दोष द्यायच्या आधी मी ते स्पीकर तरी बघायला हवे होते."

"मीही चुकलो," प्रभाकरकाका म्हणाले. "या पोरांनी आज डोकं चालवलं म्हणून बरं! शाबास रे!"

"तू प्रेमानंच केलंस, प्रभाकर," आजोबा म्हणाले. "फक्त यापुढे कापूस दिसला की आधी या तिघांना विचार!"

सगळे खो खो हसले. मग आजोबा उठले आणि त्यांनी दीप्ती, सर्वेश, वल्लरीपुढे चक्क हात जोडले.

"आजोबा! असं नका ना करू!" दीप्तीला रडूच आलं.

"करू दे गं. सगळ्यांनी सांगितलं तुझे कान गेले, आणि मीही मानलं. तुम्हीच तेवढे म्हणालात, आधी बघू तरी. ते मी विसरायचो नाही."

त्यांनी ढोलकीवरचं कापड काढलं. बोटं आखडलेली होतीच, पण डावा तळवा चालत होता. त्यांनी ढोलकी तिघांच्या मधे ठेवली.

"बसा. रविवारची वाट कशाला बघायची? सर्वेश, तळवा सैल सोड. हां... आता दे बघू धुम्म!"