नुसता एक ‘ओ’

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामेभावाबरोबर घडलंय. गाव इस्लामपूर, गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. आणि रात्र-बित्र काही नव्हती बरं का. दुपारचे चार वाजले होते.

मामेभावाचं नाव जयराज. वाद्य एकही येत नाही, पण लॅपटॉपवर बीट जोडून गाणी बनवायचं खूळ. मामा म्हणायचा, “डबडी बडवतंय दिवसभर.” उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावतात ना, त्यात एकदा तरी आपलं गाणं वाजावं, एवढीच त्याची इच्छा.

त्याचं मन लावून ऐकणारा माणूस एकच. सांगलीचा सुमंतदादा.

दादाचा छोटासा स्टुडिओ होता. ओळख मोबाईलवरचीच. जयराज गाणं पाठवायचा, दादा चुका सांगायचा. “किक आणि बेस एकमेकांच्या उरावर बसलेत.” “सगळंच मोठं केलंयस, मग मोठं काय राहिलं?” जयराज वहीत उतरवून घ्यायचा. मला म्हणायचा, “गड्या, बापानं कवा एवढं लक्ष दिलं न्हाई माझ्याकडं.”

तीन महिने असंच चाललं होतं.

जानेवारीत दादानं स्वतःहून हलगीचं एक रेकॉर्डिंग दिलं. कोयनानगरला, धरणाच्या वरच्या अंगाला घेतलेलं. वाजवणारा केरबा म्हणून कुणी.

“हे वापर. पण आधी मधल्या फ्रिक्वेन्सी काप. तिथं गढूळ होतंय.”

जयराजनं मूळ रेकॉर्डिंग ऐकलंसुद्धा नाही. दादानं सांगितलं, कापलं.

गाणं लय भारी झालं. पाठवलं. दोन दिवसांनी दादाचा फोन आला, “जमलंय. फक्त...”

फक्त काय?

“दोन मिनिटं बारा सेकंदाला मोकळं वाटतंय. तिथं तुझा आवाज टाक. नुसता एक ‘ओ’.”

जयराजनं आधी गर्दीचा तयार आवाज चिकटवून पाठवला. दादा चिडला. “तुझ्या गळ्यातला पाहिजे. कुणी हाक मारल्यावर देतोस तसा. वर इफेक्ट लावू नको, कोरा ठेव.”

मंगळवारी चार वाजता जयराजनं हेडफोन घातला. माईक जवळ ओढला. दोन मिनिटं बारा सेकंद झाले...

“ओ.”

हलगी थांबली.

लॅपटॉपवरची हलगी. ती कशी थांबेल? त्याला वाटलं, लॅपटॉप अडकला. बघितलं तर आकडे पुढं पळतच होते. आवाज तेवढा नव्हता. मग... एकेक ठोका पडत हलगी परत सुरू झाली. सावकाश.

तेवढ्यात मामी दारात आली. “कुणाला रं ओ दिलास? दारात तर कोण न्हाई.”

“गाण्यात दिलाय गं आई.”

“आन् हाक कुणी मारली?”

जयराजला हसू आलं, आणि तोंडातच राहिलं. आपल्याकडं पोराला चालायच्या आधी शिकवतात, कोण हाक मारतंय ते दिसल्याशिवाय ओ देऊ नये. पण रेकॉर्डिंगमध्ये कसली आलीय हाक, असं त्याला वाटलं होतं.

मामी गेल्यावर त्यानं कापलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सी परत आणल्या. माणसाचा आवाज त्याच पट्ट्यात असतो. पहिल्यापासून ऐकायला लागला.

हलगी. वारा.

आणि दोन मिनिटं बारा सेकंदाला, वाऱ्याच्या मागं... दम लागलेला एक बाप्या.

“सुम्या... ए सुम्या... ओ दे की रं...”

त्यानं दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, वाट बघत बसल्यासारखा.

“दिलास ओ?”

“दिला. दादा, त्यात कोण वरडतंय?”

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग दादा रडायला लागला.

“केरबा आहे. त्याच दिवशी पाय घसरून पाण्यात गेला. हाका मारत होता. मी ओ नाही दिला. पळालो. रेकॉर्डिंगमध्ये आधी हाक नव्हती रे, नंतर आली. दोन वर्षं रोज थोडी जवळ येत होती. कुणीतरी ओ दिल्याशिवाय माझी सुटका नव्हती.”

“पण दादा... मीच का?”

“तू मी सांगेन ते करतोस.”

फोन कट. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

जयराजनं कसंतरी ते मूळ रेकॉर्डिंग परत लावलं. दोन मिनिटं बारा सेकंदाला सुम्याची हाक नव्हती. नुसता वारा.

आणि मग, लांबून...

“जयराज...”

त्यानं सगळं पुसून टाकलं. सगळी गाणी. उपयोग झाला नाही.

आता तो साताऱ्यात, मावशीकडं राहतो. घरातलं कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. जेवायला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. मावशी पदरानं डोळे पुसते.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. भर दुपारी दोघं पायरीवर बसलो होतो. घर रिकामं, रस्ता मोकळा, माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. आणि पाठीमागून... त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं. स्पष्ट. मी ‘कोण हाय’ म्हणायला तोंड उघडलं, तर जयराजनं माझ्या तोंडावर हात दाबला. किती वेळ तसाच धरून बसला, कोण जाणे.

मला वाटलं, भ्यालाय. पण हात काढला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“ह्या हाकेचं आता काय वाटत न्हाई,” तो म्हणाला. “पण एक सांग. तीन महिन्यांत दादानं माझं एक तरी गाणं खरंच ऐकलं आसंल का रं?”